बाबांची फिल्म : खाजगी, पाहू नये

मी पाणी तपासते. शहराला येणाऱ्या पाण्याचे नमुने बाटल्यांतून माझ्या टेबलावर येतात आणि त्यांत काय आहे, काय नाही, ते मी लिहून देते. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एकही नमुना दुसऱ्यात मिसळलेला नाही, कारण मी प्रत्येक गोष्टीवर लेबल लावते. आमच्या घरात साखरेच्या डब्यावर 'साखर' लिहिलेलं आहे आणि त्याखाली डबा भरल्याची तारीख आहे. नवरा हसतो, पण चहात मीठ त्यानेही कधी घातलेलं नाही.

त्यामुळे बाबा, म्हणजे माझे सासरे, कॅमेऱ्याचा रोल हातात धरून माझ्यापुढे उभे राहिले, तेव्हा मला जराही धास्ती वाटली नाही.

"हा धुवायचाय," ते म्हणाले. "पण कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला आता रोल धुतच नाही. मोबाईलची कव्हरं विकतो."

"कृष्णधवल आहे?"

"हो."

"मग मी धुते. घरीच."

"तू कधी धुतलायस?"

"नाही. पण त्यात आहे काय बाबा? तीन द्रावणं, एक तापमान आणि एक घड्याळ. मी रोज याहून अवघड कामं करते."

हे वाक्य मी बोलले, हे मी नाकारत नाही.

बाबा निवृत्त घड्याळजी. पन्नास वर्षं एका डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांच्या वेळा दुरुस्त केल्या. त्यामुळे घाई हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. छत्तीस फोटोंचा तो एक रोल संपवायला त्यांनी नऊ महिने घेतले होते. उजेड मनासारखा नसला तर ते बटण दाबत नसत. रोल माझ्या तळहातावर ठेवताना त्यांनी तो असा ठेवला, की जणू एखाद्या उघड्या घड्याळाची नाजूक कमान ठेवताहेत.

"एक अट आहे," ते हळूच म्हणाले. "आत काय निघेल ते कुणाला सांगायचं नाही. आणि हिला तर मुळीच नाही."

'हिला' म्हणजे माझ्या सासूबाईंना.

"बाबा, नमुना कुणाचा आणि त्यात काय निघालं, हे आम्ही बाहेर सांगत नाही. नियमच आहे."

"नऊ महिने गेलेत त्यात," ते म्हणाले. "पुन्हा जमायचं नाही मला."

मी मान डोलावली. आठवडाभर तयारी केली. फिल्मचं असं असतं, की धुवून पक्की होईपर्यंत तिला उजेडाचा कण चालत नाही. म्हणून ती डबीतून काढून, प्लॅस्टिकच्या चक्रीवर गुंडाळून, काळ्या टाकीत बंद करेपर्यंतचं सगळं काम मिट्ट अंधारात करावं लागतं. त्याचा सराव मी एका वाया गेलेल्या रोलवर केला. रोज संध्याकाळी सोफ्यावर बसायचं, डोळे मिटायचे आणि चक्री भरायची.

"हिला काय होतंय?" सासूबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"काही नाही आई. ती फिल्म भरायला शिकतेय."

"डोळे मिटून?"

"हे काम अंधारात करायचं असतं."

"मग दिवा लावून का करत नाही?"

नवऱ्याने पेपर उघडला. आमच्या घरात अशी बरीच संभाषणं याच जागी संपतात.

रविवारी सकाळी सासूबाई मैत्रिणींबरोबर फिरायला गेल्या आणि बाबा केस कापायला. ही वेळ मी मुद्दाम निवडली होती. बाहेरच्या बाथरूमच्या खिडकीला दुहेरी काळा कागद लावला, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, आत पाच मिनिटं उभी राहिले आणि स्वतःचा हात दिसत नाही याची खात्री केली. फिल्म एका झटक्यात चक्रीवर चढली. टाकीचं झाकण बसलं. मग दिवा, मग द्रावणं. पहिलं, चित्र उमटवणारं द्रावण, म्हणजे डेव्हलपर, बरोबर वीस अंश. दर मिनिटाला टाकी चारदा उलटी-सुलटी. बाहेर नवरा घड्याळ घेऊन बसला होता आणि रेल्वेच्या उद्घोषणेच्या सुरात मिनिटं पुकारत होता.

"सहा मिनिटं झाली. सातवं सुरू होत आहे."

"नुसता आकडा सांग."

"सात."

एकूण नऊ मिनिटं. मग दुसरं द्रावण, मग चित्र पक्कं करणारा फिक्सर, मग धुणं, शेवटच्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. झाकण उघडलं, चक्रीतून फिल्म ओढली आणि दिव्यासमोर धरली.

छत्तीसच्या छत्तीस चित्रं होती. धारदार, स्वच्छ, ना डाग ना बुडबुडा. काळ्यापांढऱ्याचा दाटपणा तर असा, की फिल्म पाठ्यपुस्तकात छापावी. पहिल्याच खेपेला. मी बाथरूममध्ये एकटीच उभी राहून दोनदा हसले.

मग ती चित्रं कशाची आहेत ते पाहिलं. आणि मला दुसरा धक्का बसला.

सगळी चित्रं सासूबाईंची होती.

सासूबाईंचं आणि कॅमेऱ्याचं वाकडं आहे. कॅमेरा दिसला की त्या उठतात. आमच्या घरातल्या प्रत्येक सामूहिक फोटोत एक रिकामी खुर्ची आहे, ती त्यांची. का, ते कुणालाच माहीत नाही, आणि विचारलं तर "माझी मर्जी" एवढंच उत्तर मिळतं. आणि इथे त्या छत्तीसदा होत्या. ओट्यापाशी, खिडकीपाशी, दोरीवर कपडे घालताना, बसथांब्यावर, जिन्यात दम खायला थांबलेल्या. सगळीकडे पाठमोऱ्या. सगळीकडे किंचित डावीकडून. सासूबाईंना डाव्या कानाने ऐकू येत नाही. बाबांनी नऊ महिने त्या कानाच्या बाजूने शिकार केली होती.

अर्थात हे मला कळलं, कारण निगेटिव्हकडे कसं पाहायचं ते मला ठाऊक आहे. निगेटिव्हमध्ये उजेड काळा होतो आणि अंधार पांढरा.

फिल्म वाळायला दोन तास लागतात आणि तोवर तिला धूळ लागू द्यायची नसते. मी ती बाथरूममध्येच, नळाच्या उंच दांडीला क्लिप लावून टांगली, खाली वजनाला दुसरी क्लिप लावली. खिडकीवरचा कागद काढला, म्हणजे हवा येईल. आणि दार लोटून घेतल्यावर मी ते केलं, जे मी एकोणीस वर्षं करत आले आहे. लेबल लावलं.

'आत बाबांची फिल्म वाळत आहे. खाजगी. पाहू नये. आईंना तर मुळीच दाखवू नये. वेळ : १०.४०. दोन तास.' खाली सही.

मला त्या क्षणी ते अत्यंत जबाबदारीचं कृत्य वाटलं. नवराही त्या दारावरून दोनदा गेला आणि काही बोलला नाही. नंतर तो म्हणाला, की या घरातली लेबलं वाचणं त्याने केव्हाच सोडलंय.

मी स्वयंपाकघरात मोजपात्रं धूत होते. साडेअकराला बाहेरचं दार वाजलं. सासूबाई आल्या, चपला काढल्या, हातपाय धुवायला बाहेरच्या बाथरूमकडे गेल्या. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. नळाचाही नाही.

मी हात पुसत बाहेर आले. बाथरूमचं दार सताड उघडं होतं. सासूबाई खिडकीच्या उजेडात फिल्मसमोर उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्याला बाबांचं घड्याळजीचं भिंग होतं. ते बाबांच्या खणातून आणण्याइतका वेळ त्यांना मिळाला होता, म्हणजे हे बरंच आधीपासून चाललं होतं.

"ही बाई कोण?" त्यांनी विचारलं.

आवाज थंड होता. इतका थंड, की त्यात मी डेव्हलपर थंड करू शकले असते.

आता तुम्ही त्यांच्या डोळ्याने पाहा. सासूबाईंचा अंबाडा कापसासारखा पांढरा आहे. निगेटिव्हमध्ये तो कोळशासारखा काळा झाला होता. खिडकीतून येणारा दुपारचा उजेडही काळाठिक्कर झाला होता, म्हणजे बाहेर रात्र. आमच्या पांढऱ्या भिंती काळ्या, काळा ओटा पांढरा. त्यात फिल्म मी चमकदार बाजू आत करून टांगलेली, त्यामुळे डावं ते उजवं झालेलं. सासूबाईंना दिसत होती ती एक परकी खोली, रात्रीची वेळ, आणि तिच्यात काळ्याभोर केसांची एक पाठमोरी बाई. छत्तीसदा.

आणि दारावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, की हे त्यांना दाखवू नये.

"सूनबाई, मी विचारतेय. कोण ही?"

या ठिकाणी दुसऱ्या कुणीही काहीतरी ठोकून दिलं असतं. मला ते येत नाही. आणि बाबांना शब्द दिलेला.

"ते मला सांगता येणार नाही, आई."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"हो."

"तू ओळखतेस हिला?"

"हो."

"कधीपासून चाललंय हे?"

"नऊ महिने," मी म्हणाले. आकडा विचारला की मी आकडा सांगते.

सासूबाईंनी भिंग पुढच्या चित्रावर नेलं. "इथेच राहते? जवळपास?"

"अगदी जवळ."

"मी ओळखते तिला?"

मी विचार केला. "तुमच्याइतकं तिला कुणी ओळखत नसेल."

"घरात येते?"

"घरातच असते," मी म्हणाले, आणि मग मला पहिल्यांदा वाटलं, की प्रश्न एका गोष्टीबद्दल आहेत आणि उत्तरं दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

सासूबाईंनी हळूहळू मान वर केली आणि छताकडे पाहिलं. मीही पाहिलं. छतावर काही नव्हतं. पण छताच्या वर, आमच्या अगदी डोक्यावर, एक्स-रेवाली राहते. इस्पितळात एक्स-रे काढते म्हणून आम्ही सगळे तिला एक्स-रेवालीच म्हणतो. चाळिशीची, हसरी. दिवसातून दोनदा आमच्याकडे पेपर मागायला येते. आणि तिचा अंबाडा काळाभोर आहे.

"आई, तसं नाही—"

"कसं नाही?"

कसं ते सांगायची मला मनाई होती. तेवढ्यात सासूबाईंनी हात वर केला आणि फिल्म दांडीवरून खेचली.

इथे एका सुनेने काय म्हणायला हवं होतं, ते मला आता पक्कं कळतं. मी म्हणाले, "आई, कडेला धरा. ओली आहे. बोटांचे ठसे उमटतील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खुनाच्या जागी उभी राहून फरशी पुसायला सांगते आहे. मग फिल्म मुठीत गुंडाळली आणि खोलीत निघून गेल्या. पाच मिनिटांत त्या पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवीत दोन जोड कपडे, औषधांचा डबा आणि मधोमध बाबांचे नऊ महिने, ओले.

"थोरलीकडे चाललेय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. थोरली म्हणजे त्यांची मोठी बहीण. "एकची बस आहे."

नवरा पेपरमधून वर आला. "आज? जेवून जा ना."

"तुझ्या बापाला विचार जेव म्हणून. कुणाकडे जेवतात तेही विचार."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"मला सांगता येणार नाही," मी म्हणाले.

"हिला सगळं माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "नऊ महिने. दारावर पाटी लावलीय हिने. चिरंजीव, जा, वाचून या."

नवरा गेला, वाचून आला, आणि त्याचा चेहरा पाण्यात बुडवल्यासारखा झाला. "बाबा?" तो म्हणाला. "आपले बाबा?"

आणि दारात आपले बाबा उभे होते. केस ताजे कापलेले, कानामागे पावडर. मला पुरतं माहीत होतं की काही झालं नाही, तरी त्या पावडरीमुळे क्षणभर मलाही ते संशयास्पद वाटले.

सासूबाईंनी पिशवीतून फिल्मचं टोक वर काढलं. "हे तुम्ही काढलेत?"

बाबांनी फिल्म पाहिली, मग मला पाहिलं. मी मान हलवून 'मी नाही सांगितलं' असं सुचवलं. ते त्यांना 'सगळं सांगून झालं' असं दिसलं.

त्यांनी खांदे पाडले. "पाहिलेस वाटतं."

"चोरून काढलेत?"

"चोरूनच. तुला सांगून कसं जमणार होतं?"

नवरा खुर्चीत बसला.

"लाज नाही वाटली?"

"थोडी वाटली," बाबा प्रामाणिकपणे म्हणाले. "पण राहवलं नाही गं. खिडकीत उभी असली, तो उजेड पाठीवर पडला, की मला सुचेनासंच होतं. वाटतं, बघतच राहावं."

"मुलासमोर सांगताय?"

"त्यात काय? मोठा आहे तो."

"कधीपासून?"

बाबा जरा लाजले. "खरं सांगू? पन्नास वर्षं झाली. कॅमेरा तेवढा नऊ महिन्यांपूर्वी हातात घेतला."

सासूबाईंच्या हातातली पिशवी खाली आली. पन्नास वर्षांपूर्वी त्यांचं लग्न झालं होतं.

मी इथे तोंड उघडायला हवं होतं. पण बाबांनी फोटो काढल्याचं कबूल केलं होतं, कुणाचे ते नव्हतं. माझा शब्द अजून लागू होता. मी मनात या मुद्द्याच्या दोन्ही बाजू तपासत होते, तोवर सासूबाई पिशवीसकट बाहेर पडल्या आणि जिना उतरण्याऐवजी चढू लागल्या.

"वर कुठे चाललीस?" बाबांनी विचारलं.

"तिला भेटून जाते."

"कुणाला?" बाबा खरोखर गोंधळले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढं काय गं चिडण्यासारखं? मी कुणाला दाखवले का?"

आम्ही तिघे त्यांच्यामागे धावलो. मी सर्वांत पुढे, कारण फिल्मचं टोक पिशवीबाहेर लोंबत होतं आणि प्रत्येक पायरीवर कठड्याला घासत होतं.

एक्स-रेवालीने दार उघडलं. नुकतीच न्हाली होती, केस मोकळे, कमरेपर्यंत, काळे. सासूबाईंनी त्या केसांकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"या ना काकू. सगळेच? काय झालं?"

"हे बघ आणि तूच सांग," सासूबाईंनी फिल्म तिच्यापुढे धरली.

एक्स-रेवालीला कुणीही फिल्म दिली की तिचं एकच होतं. ती काही विचारत नाही. तिने फिल्म दोन बोटांनी अलगद कडेला धरली (मला भरून आलं), खिडकीशी गेली आणि काचेवर उजेडासमोर लावली. मोकळे केस मागे टाकले, डोळे बारीक केले.

"नाव नाही लिहिलेलं पेशंटचं," ती म्हणाली.

सबंध प्रकरणात लेबल नसलेली ती एकच वस्तू होती.

"नाव तू सांग," सासूबाई म्हणाल्या.

"नाव कसं सांगू? पण मानेला बाक आहे बघा. सगळीकडे तसाच. एक खांदा इंचभर खाली. उभं राहताना सगळा भार एकाच पायावर." ती पुढच्या चित्राकडे सरकली. "गुडघा दुखत असणार. जिन्यात बघा कशी थांबलीय. काकू, ही बाई सत्तरीची तरी आहे."

खोलीतली हवा बदलली. सासूबाईंनी एक्स-रेवालीचा ताठ पाठकणा पाहिला, मग फिल्मकडे पाहिलं. तिच्यावरचा संशय गेला, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्या जागी दुसरंच काहीतरी आलं, आणि सांगायला हरकत नाही, ते समाधान होतं.

"सत्तरीची?"

"जास्तच. कमी नाही."

"बाक किती आहे म्हणालीस?"

"बऱ्यापैकी आहे."

सासूबाई बाबांकडे वळल्या. "पन्नास वर्षं. आणि शोधून शोधून काय शोधलंत? कुबड आलेली म्हातारी."

बाबा हबकले. "अगं, असं काय बोलतेस?"

"आणखी बाजू घ्या तिची."

"काकू, कुबड नाही म्हणायचं, बाक म्हणायचं," एक्स-रेवाली म्हणाली.

"खांदाही वाकडा आहे ना तिचा?"

"थोडासा."

"कंबर बघ कशी आहे. पोतं ठेवल्यासारखी. आणि या वयात केस रंगवते, एवढे काळे." सासूबाई आता जवळजवळ प्रसन्न होत्या. "मी निदान तसली सोंगं करत नाही."

मी डोळे मिटले. आठवडाभराचा सराव होताच.

"केस काळे नाहीत काकू," एक्स-रेवाली म्हणाली. "पांढरे आहेत. निगेटिव्ह आहे ना ही. पांढरं ते काळं दिसतं, काळं ते पांढरं. ही रात्र पण नाही, भर दुपार आहे. आणि तुम्ही उलट्या बाजूने धरलीत. अशी बघायची."

तिने फिल्म उलटी केली. खिडकी उजवीकडून डावीकडे आली. ओटा इकडचा तिकडे गेला. आणि ओट्याच्या वरच्या भिंतीवर एक गोल घड्याळ होतं, जे आमच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं आहे आणि ज्याला बाबांनी स्वतः घडवलेले काटे आहेत. एक लांब, एक अतिलांब. तसलं घड्याळ दुसरीकडे कुठे नसेल.

एक्स-रेवालीच्या घरातला नळ ठिबकत होता. मी मिनिटाला किती थेंब ते मोजू लागले, कारण दुसरीकडे कुठे पाहायची सोय नव्हती.

"हे आपलं घड्याळ आहे," सासूबाई म्हणाल्या.

"हो," बाबा म्हणाले.

"हा आपला ओटा."

"मग कुणाचा असणार?"

"आई," नवरा अगदी हळू म्हणाला, "ती तूच आहेस."

सासूबाईंनी पदरात धरून आणलेलं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि पुष्कळ वेळ काढला नाही. बहुतेक कंबर तपासत असाव्यात. आम्ही चौघं चार भिंतींकडे पाहत राहिलो. कुबड, पोतं आणि वाकडा खांदा हे तीन शब्द खोलीत उभे होते आणि त्यांना बसा म्हणायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी त्यांनी भिंग खाली केलं. "म्हणजे हे माझे फोटो काढलेत? मला न विचारता?"

"मघाशी तेच तर कबूल केलं मी," बाबा म्हणाले. मग थांबले. आणि मग घड्याळजीच्या सवयीने एकेक चाक मागे फिरवत गेले, आणि त्यांच्या लक्षात आलं. "तुला काय वाटलं? तुला वाटलं, दुसरी कुणी—"

"मला काही वाटलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"पिशवी भरलीस तू."

"थोरलीकडे जायचंच होतं मला."

"मी?" एक्स-रेवाली एकदम म्हणाली. तिला आता कुठे उमगलं होतं, की आपल्याला वर येऊन फिल्म का दाखवली. तिने बाबांकडे पाहिलं, कानामागच्या पावडरीसकट, आणि तोंडावर हात ठेवला. हसू आवरण्यासाठी की धक्क्याने, ते मला सांगता येणार नाही. तिने मात्र सगळ्यांसाठी चहा ठेवला, याची नोंद करायला हवी.

"आणि पाठीचेच का?" सासूबाईंनी विचारलं.

"समोरून घेतला असता तर तू उठून गेली असतीस."

"गेलेच असते."

"मग?"

यावर सासूबाईंना उत्तर सुचलं नाही. पन्नास वर्षांत हे पहिल्यांदा घडत असावं, कारण बाबा स्वतःच दचकले.

मला वाटलं, आता माझा शब्द संपला आणि चूक दुरुस्त करायची वेळ आली. मी मोबाईल काढला, काचेवरच्या फिल्ममधल्या खिडकीच्या चित्राचा फोटो घेतला आणि रंग उलटे केले. रात्रीची दुपार झाली. काळी भिंत पांढरी झाली. सासूबाई जशा आहेत तशा पडद्यावर आल्या. पाठीवर उजेड, मानेला बाक, अंबाडा शुभ्र. खरोखर सुरेख फोटो होता. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला.

"ही बघा, आई. ही खरी."

त्यांनी पाहिलं. मोबाईल लांब धरला, जवळ घेतला.

"ही कोण म्हातारी?"

"तुम्हीच."

"आणि ती मघाची? काळ्या केसांची?"

"तीही तुम्हीच. पण ती निगेटिव्ह आहे, आई. फोटो हा. ती फक्त मधली पायरी असते."

त्यांनी मोबाईल मला परत केला, चहाचा कप उचलला आणि एक घोट घेतला.

"ही म्हातारी तुमच्यापाशी ठेवा," त्या बाबांना म्हणाल्या. "मला मधली पायरी मोठी करून द्या."

एकची बस त्यांनी सोडली. बाबांचे पस्तीस फोटो उलटे होऊन, म्हणजे सुलटे होऊन, त्यांच्या खणात भिंगाच्या डबीखाली आहेत. ते रोज एक काढून पाहतात, असं नवरा सांगतो. पिशवीतल्या कपड्यांचा एक धागा एका चित्राला कायमचा चिकटला आहे, ते चित्र बाबांना सर्वांत जास्त आवडतं.

आणि खिडकीचं ते चित्र मी मोठ्या आकारात छापून आणलं. निगेटिव्हच्या निगेटिव्ह. ते आमच्या बाहेरच्या खोलीत, दारासमोर, काचेच्या चौकटीत लागलं आहे. काळ्या भिंती, काळी दुपार, पांढरा ओटा आणि काळ्याभोर अंबाड्याची एक पाठमोरी बाई. घरी कुणीही आलं की सासूबाई स्वतः त्यांना त्याच्यासमोर नेतात. पन्नास वर्षांत काढू दिलेला एकमेव फोटो, असं सांगतात. आणि मग कौतुकाने म्हणतात, "आमच्या सुनेने घरी धुतलाय. पहिल्यांदाच."

पाहुणे चौकटीकडे पाहतात. मग माझ्याकडे पाहतात. फार सज्जन असतात लोक.

"असू दे," ते म्हणतात. "पहिल्या वेळी होतं असं."

फिल्म नऊ मिनिटं, वीस अंशांवर, बिनचूक धुतली होती, हे मी सुरुवातीला काही जणांना समजावून सांगितलं. आता सांगत नाही. चौकटीखाली एक लेबल लावायला निघाले होते. नवऱ्याने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.